पोरगं बरं दिसायला लागलं की गोळी चुकायला लागते

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटमधला सगळ्यात अवघड काळ कोणता, असं नवीन आलेले आईबाप मला विचारतात तेव्हा त्यांना वाटतं मी पहिला महिना सांगेन, केस जाणं, औषधासाठी कातडीखाली पोर्ट टाकणं, पाठीतली इंजेक्शनं, रात्रीबेरात्री चढणारा ताप, हे सगळं. ते अवघड असतंच, त्यात काही वाद नाही. पण त्या दिवसांत औषध देणारी माणसं दुसरी असतात. सिस्टर येतात, सलाईन लावतात, वेळ लिहितात, सही करतात, आणि आपण फक्त लेकराचा हात धरून बसतो. खरी अवघड ती मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या द्यायचा शेवटचा लांब टप्पा. कारण तिथून पुढं वॉर्ड म्हणजे आपलं स्वयंपाकघर आणि सिस्टर म्हणजे आपण, आणि पेशंट तर अंगणात सायकल खेळत असतो.

माझ्या लेकीला ए एल एल होता, म्हणजे लहान मुलांमध्ये जो सगळ्यात जास्त दिसतो तो रक्ताचा कॅन्सर. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, ट्रीटमेंट मुंबईला. आता तिची ट्रीटमेंट संपलीय, शाळेत जाते, आणि मी आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये नवीन लोकांशी बोलायचं काम करते, कधी ओपीडीत जाऊन, कधी फोनवर. मी डॉक्टर नाही. पण घरी रोजची गोळी न चुकवता देणं हा एकच विषय असा आहे की ज्यावर मला कितीही बोलायला लावा मी थकत नाही, कारण यात डॉक्टरांचा भाग जेवढा आहे त्याहून आपला जास्त आहे आणि तो कुणी नीट समजावून सांगत नाही, निदान आपल्या भाषेत तरी नाही.

तर मेंटेनन्स म्हणजे काय ते आधी सांगते. पहिले सहा-आठ महिने जोरदार केमो होते, मग साधारण दीड-दोन वर्षं गोळ्या. सिक्स एमपी म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन रोज, बहुतेक जण रात्री देतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सेप्ट्रान आठवड्यातले दोन-तीन दिवस, ती कॅन्सरची नाही, फुप्फुसात एक विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून असते. काही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रीटमेंटच्या ठरलेल्या आराखड्यांमध्ये, मधूनमधून विनक्रिस्टीन या केमोचं इंजेक्शन आणि पाच दिवस स्टेरॉईड, आणि ठरावीक आठवड्यांनी पाठीतलं इंजेक्शन. डोस वजनावर नाही तर उंची-वजन मिळून अंगाचं क्षेत्रफळ काढतात त्यावर ठरतो, त्यामुळं मूल वाढलं की डोस वाढतो. आणि सिक्स एमपीची गोळी बहुतेक ठिकाणी ५० मिलिग्रॅमची मिळते म्हणून मग फाईलवर असं लिहून येतं की सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार दीड. आता हे घरात चार माणसं असताना, पाहुणे येत-जात असताना, दोन वर्षं रोज बरोबर द्यायचं. सोपं वाटतं, सोपं नसतं.

लोक विचारतात की पहिल्या महिन्यातच रिपोर्ट क्लिअर आला, बोन मॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, कॅन्सरची पेशी दिसत नाही असं डॉक्टरच म्हणाले, मग दोन वर्षं कशाला? मला शेतातलं उदाहरण पटतं, हरळी. वरून सगळी खुरपून काढली, वावर स्वच्छ दिसतंय, पण खाली एखादी काडी राहिली की एका पावसात परत पसरते. कॅन्सरच्या काही पेशी अशाच गप्प पडून असतात, हळूहळू वाढणाऱ्या, आणि मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाहीत एवढ्या थोड्या. त्यांना रोज थोडं थोडं औषध लागतं. जास्त जोराचं नाही, पण न थांबता.

आणि हे नुसतं अंदाजानं नाही ठरलेलं. जपानमध्ये १९९० च्या दशकात डॉक्टरांनी सगळी ट्रीटमेंट एका वर्षात संपवून बघितली, म्हणजे लेकरांचे हाल कमी व्हावेत हाच हेतू. तरीही अर्ध्याहून जास्त मुलं बरी राहिली, हे खरं आहे, पण आजार परत येणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. म्हणजे काही मुलांना त्या जास्तीच्या गोळ्यांची गरज नव्हतीच असं आज म्हणता येतं. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही हे आधी नक्की कसं कळणार? म्हणून सगळ्यांनाच पूर्ण द्यावं लागतं. मला हे कळल्यावर उलट बरं वाटलं, की दोन वर्षं म्हणजे कुणीतरी उगाच ठरवलेला आकडा नाही, त्याच्यामागं कुणाकुणाची लेकरं आहेत.

आता तो अभ्यास सांगते जो मी प्रत्येक नवीन आईला सांगते. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या टीमनी सिक्स एमपी घेणाऱ्या शेकडो मुलांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना एक खास झाकण लावलं, त्यात चिप असते, बाटली कधी उघडली त्याची तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. त्यात असं दिसलं की ज्या मुलांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेतले त्यांच्यात आजार परत येण्याचा धोका अडीच पटीहून जास्त होता. ९५ टक्के ऐकून वाटतं की अरे वा, शाळेत ९५ टक्के म्हणजे केवढे मार्क, आम्ही तर तेवढं देतोच. पण गणित करा. महिन्याचे ३० डोस, त्यातले दोन चुकले तर २८, म्हणजे ९३ टक्के. महिन्यात दोन रात्री. एक दिवस लग्नाला गेलो आणि एक दिवस पोरगी लवकर झोपली, झालं.

आणि त्याच अभ्यासात पुढं अजून एक गोष्ट निघाली जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आईबापांनी आणि मुलांनी तोंडी जेवढे डोस घेतले म्हणून सांगितलं आणि झाकणाच्या चिपनं जेवढे नोंदवले त्यात फरक होता. बहुतेकांनी कधी ना कधी जास्त सांगितलं होतं. हे लोक खोटारडे होते असं मला अजिबात वाटत नाही. आठवत नसतं माणसाला. आणि आठवत असलं तरी डॉक्टरांसमोर तोंडातून निघत नाही, कारण आपल्याकडं ओपीडी म्हणजे पंधरा माणसं मागं उभी, डॉक्टर फाईलमध्ये मान घालून विचारतात "औषधं चालू आहेत ना व्यवस्थित?" आणि आपण "हो" म्हणतो. दुसरं काही म्हणायला जागाच नसते त्या प्रश्नात.

पण हे "हो" किती महाग पडू शकतं ते नीट ऐका. मेंटेनन्समध्ये डॉक्टर डोस कशावरून ठरवतात तर काउंटवरून, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या आकड्यावरून. औषध बरोबर काम करत असेल तर पांढऱ्या पेशी थोड्या खाली राहायला पाहिजेत, त्यातल्या न्यूट्रोफिल साधारण ५०० ते १५०० च्या मधे, प्रत्येक हॉस्पिटलचा आकडा थोडा वेगळा असतो. काउंट सारखा वरच राहिला तर डॉक्टर म्हणणार, या मुलाला हा डोस कमी पडतोय, वाढवू. आता घरी जर आठवड्यातले दोन डोस चुकत असतील तर काउंट वर राहणारच, पण डॉक्टरांना ते माहीत नाही, त्यांनी डोस वाढवला. मग कधीतरी घरातली परिस्थिती सुधारते, किंवा आजी येऊन राहते आणि शिस्तीत रोज गोळी देते, आणि वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण पोटात जातो. काउंट धाडकन खाली, ताप, ॲडमिट, अँटिबायोटिक, आणि सगळे म्हणतात केमो सोसली नाही. केमो सोसली असती, डोसचा आकडा चुकीच्या माहितीवर ठरला होता. म्हणून मी सांगते की चुकलेला डोस सांगणं ही कबुली नाही, तो रिपोर्ट आहे, रक्ताच्या सीबीसी तपासणीसारखाच. "या महिन्यात तीन रात्री राहिल्या, १२ तारखेला, १९ ला आणि २० ला" असं नुसतं सांगायचं, कारणमीमांसा नंतर. चांगले डॉक्टर यावर रागवत नाहीत, ते पेन काढून लिहून घेतात. आणि कुणी रागावलंच तर रागावू दे, ते ऐकून घेता येतं.

उलटंही होतं बरं का, एकही डोस न चुकवता मुलाचा काउंट एकदम खाली जातो. एन यू डी टी १५ नावाचा एक जनुक असतो, आपल्या आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये त्याच्यात बदल असतो, त्यामुळं सिक्स एमपी अंगात जास्त चढते आणि अगदी कमी डोस पुरतो. आता काही ठिकाणी त्याची टेस्ट आधीच करतात. त्यामुळं शेजारच्या बेडवरच्या मुलाला दीड गोळी आणि आपल्याला अर्धीच, म्हणजे आपल्यावर कमी लक्ष आहे असं कृपया समजू नका, हे भांडण मी ओपीडीत स्वतः सोडवलेलं आहे.

डोस चुकतात कसे हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता साधारण अंदाज येतो. विसरणं हे एक कारण झालं, पण ते सगळ्यात मोठं नाही. मला सगळ्यात जास्त भेटणारं कारण म्हणजे "बंद ठेवायला सांगितलं होतं." काउंट कमी आला किंवा एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वाढलं की डॉक्टर म्हणतात एक आठवडा गोळ्या बंद, रिपोर्ट करा आणि फोन करा. मग रिपोर्ट गावातल्या लॅबमध्ये होतो, फोन लागत नाही, लागला तर रेसिडेंट म्हणजे ज्युनिअर डॉक्टर बदललेला असतो, तो म्हणतो सरांना विचारून सांगतो, आणि हे होईपर्यंत तीन आठवडे जातात. कुणी एकही डोस चुकवला असं वाटत नाही आणि तरी मूल तीन आठवडे बिनगोळीचं. म्हणून बंद सांगितलं की तिथंच, खुर्चीतून उठायच्या आधी विचारायचं की परत कधी चालू, किती काउंट आल्यावर चालू, आणि कुणाला फोन करून चालू, आणि ते फाईलवर लिहूनच घ्यायचं. तुम्हाला वाटेल डॉक्टर चिडतील, नाही चिडत.

दुसरं म्हणजे घरात दोन माणसं औषध देतात. आई सकाळी लवकर कामावर जाते, रात्री बाबा देतात, बाबांना वाटतं आईनं दिली, आईला वाटतं बाबांनी दिली. कधी दोघंही देतात, ते तर अजून वाईट. त्याला माझ्याकडं एकच उपाय आहे, भिंतीवरचं कॅलेंडर, ज्याच्या मागच्या पानावर रेसिपी आणि राशिभविष्य असतं ना तेच, त्यावर पेन दोऱ्यानं बांधून ठेवायचं. गोळी गिळली की मुलानंच त्या तारखेवर खूण करायची. खूण नाही म्हणजे गोळी नाही. आमच्याकडं लेकीनं चांदण्या काढल्या होत्या, मेथोट्रेक्सेटच्या वारी मोठी चांदणी. मोबाईलचा अलार्म पण लावा पण अलार्म माणूस झोपेत बंद करतो. आणि ओपीडीला जाताना त्या पानाचा फोटो काढून न्यायचा, मग डॉक्टरांसमोर आठवायला लागत नाही काही.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक सांगतेच, थांबून वाचा. ती आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेततं, तोंडात फोड, काउंट शून्याकडं, किडनी-लिव्हर सगळ्यावर. आणि अडीच मिलिग्रॅमच्या छोट्या छोट्या गोळ्या असतात, त्या एका वेळी पाच-सहा-सात द्यायच्या असतात त्यामुळं नवीन माणूस गोंधळतो. डबी वेगळी ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात वार लिहा आणि दुसरं कुणी देणार असेल तर त्यांच्या हातात फक्त त्या दिवसापुरत्याच गोळ्या द्या, पूर्ण डबी नाही.

आता नातेवाईक. यांच्यावर लिहावं की नाही असा विचार करत होते पण लिहिते, कारण यात प्रेमच असतं सगळं. मुलाचे केस परत येतात, गाल भरतात, आणि मग जो येतो तो म्हणतो की आता बरी आहे की, कशाला त्या गरम गोळ्या घालता तिच्या पोटात. आमच्या सासूबाई पण म्हणायच्या. मी त्यांच्याशी वाद नाही घातला, मी त्यांना ओपीडीला घेऊन गेले. तिथं त्यांच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्या नातवाचा आजार परत आला होता, त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून रात्री साडेनऊला "गोळी झाली का गं" ही हाक सासूबाईंचीच.

काढे, भस्मं, पपईच्या पानांचा रस, कुणाच्या तरी ओळखीच्या वैद्यांची पुडी, हे सगळं येतं घरात, येणारच. माझं म्हणणं एवढंच की देऊ नका, आणि दिलंच असेल तर डॉक्टरांना सांगा. कारण सिक्स एमपी आणि मेथोट्रेक्सेट दोन्हीचा ताण लिव्हरवर असतोच. वरून काढ्यानं एसजीपीटी वाढलं तर डॉक्टर काय बंद करणार? खरं औषध बंद करणार, कारण काढ्याचं त्यांना माहीतच नाही. म्हणजे काढा चालू आणि कॅन्सरची गोळी बंद, असं उलटं होऊन बसतं. कोविडच्या काळात मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेल्या पेशंटांबद्दल लिहिलं होतं, आणि गुळवेल तर आपल्याकडं घरोघरी निरुपद्रवी मानतात.

गोळी गिळवणं हा वेगळाच विषय. पाच वर्षांच्या पोराला रोज रात्री कडू काहीतरी गिळायला लावायचं म्हणजे कधी गोष्ट, कधी जॅम, कधी उन्हाळ्यात आमरसाचा चमचा. पूर्वी सांगायचे की सिक्स एमपी उपाशीपोटीच द्या, दूध नको, ठरलेल्या वेळेलाच. मग लोक काय करायचे, जेवून दोन तास व्हायची वाट बघत बसायचे आणि तोवर मूल झोपून जायचं. त्याच अमेरिकेतल्या टीमनी हेही तपासलं, आणि जेवणासोबत किंवा दुधासोबत घेतल्यानं आजार परत यायच्या धोक्यात फरक दिसला नाही, उलट असल्या अटींमुळं गोळी चुकण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि ते हो म्हणाले तर तुमच्या घराला जी वेळ जमते ती धरा. गोळीनंतर उलटी झाली तर परत द्यायची की नाही हे पण आधीच विचारून ठेवा, किती मिनिटांनी उलटी झाली त्यावर उत्तर बदलतं, आणि रात्री अकराला कुणाला विचारणार तुम्ही.

अजून एक, या गोळ्या मिक्सरमध्ये किंवा खलबत्त्यात कुटू नका, ती पूड घरातल्या बाकीच्यांच्या श्वासात जाते. अर्धी करायची तर गोळी कापायचं छोटं कटर मेडिकलमध्ये मिळतं, हातमोजे घाला, नंतर हात धुवा. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या गोळ्यांना हात लावायचा नाही. हे आमच्या ग्रुपमधल्या एका बाईला कुणी सांगितलंच नव्हतं, ती स्वतः दुसऱ्यांदा गरोदर होती आणि रोज हातानं गोळी मोडत होती. सुदैवानं वेळेत विषय निघाला आणि तिच्या दिरानं ते काम घेतलं.

लेक थोडी मोठी झाल्यावर विचारायची की ही गोळी कुणी बनवली. मग मी वाचून सांगितलं तिला. मेथोट्रेक्सेटच्या आधीचं औषध होतं अमिनोप्टेरिन, बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ ला ते रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं आणि पहिल्यांदा, थोड्या काळापुरता का होईना, आजार मागं हटला. आणि ते औषध ज्या कंपनीच्या लॅबमधून आलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव का नाही मला कळत नाही, खरंच कळत नाही. आणि सिक्स एमपी बनवली गर्ट्रूड एलियन या बाईंनी, जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत. त्या १५ वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कॅन्सरनं गेले म्हणून त्या या कामाकडं वळल्या. १९५३ ला औषधाला मान्यता मिळाली आणि १९८८ ला त्या दोघांना नोबेल. लेकीला एलियनबाई इतक्या आवडल्या की काही दिवस गोळी घेताना त्यांचं नाव घ्यायची. मुलांना खरं सांगितलं, आजाराचं नाव, गोळीचं काम, कधी संपणार, तर ती साथ देतात, हा माझा अनुभव आहे आणि ग्रुपमधल्या बऱ्याच जणींचा.

पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं हे असं नसतं. तिथं चांदण्या चालत नाहीत. त्या झाकणवाल्या अभ्यासातही १२ वर्षांवरच्या मुलांचे डोस जास्त चुकताना दिसले. आईला वाटतं मोठा झाला, त्याचं त्यानं घ्यावं, आणि त्याला वाटतं मी बाकीच्या मुलांसारखा आहे, तसा नाही याची रोज आठवण का करून देताय. एका मुलाच्या गादीखाली त्याच्या आईला गोळ्या सापडल्या, तिनं मला रात्री फोन केला, रडत होती आणि चिडलेली पण होती. मी तिला म्हणलं उद्या सकाळपर्यंत त्याला काही बोलू नका, आणि फोटो काढून हॉस्पिटलच्या सोशल वर्करताईंना पाठवा. त्या ताईंनी त्याला एकट्याला बोलावून घेतलं, आईला बाहेर बसवलं. त्यातून निघालं असं की गोळीनंतर त्याला मळमळायचं आणि सकाळी क्रिकेटला जाताना पाय जड वाटायचे, पण सांगितलं तर क्रिकेट बंद करतील ही भीती. मळमळीवर औषध मिळालं, वेळ बदलली, क्रिकेट चालू राहिलं, आणि गोळी आईच्या समोर घ्यायची पण तिनं "घेतली का" हा शब्द काढायचा नाही असा करार झाला. आई फक्त समोर येऊन पाण्याचा ग्लास ठेवते. मोठ्या मुलांची जबाबदारी पूर्ण त्यांच्यावर टाकू नका, निदान मेंटेनन्स संपेपर्यंत तरी नाही, मग ते कितीही हुशार असू दे.

हेच मला थॅलेसेमियाच्या, म्हणजे शरीरात रक्त नीट न बनण्याच्या जन्मजात आजाराच्या घरांमध्ये दिसतं, आणि तिथं तर संपायची तारीखच नसते. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते हृदयात, लिव्हरमध्ये, हार्मोनच्या ग्रंथींत साठत जातं. म्हणून लोह काढायचं औषध. पूर्वी ते पंपानं द्यायचे, पोटाच्या कातडीखाली सुई आणि रात्रभर पंप चालू, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आता डेफेरासिरॉक्सची गोळी आहे, त्यामानानं किती सोपं. तरी चुकते, कारण रक्त चुकलं तर आठ दिवसांत मूल पांढरं पडतं, दमतं, आपल्याला दिसतं. लोह काढायची गोळी महिनाभर चुकली तरी काहीच दिसत नाही, फक्त फेरिटिनचा, म्हणजे साठलेलं लोह दाखवणारा, आकडा वाढतो कागदावर, आणि त्याची किंमत वीस वर्षांनी हृदय वसूल करतं. मैत्रीण काय करते तर प्रत्येक फेरिटिन रिपोर्टचा आकडा फ्रिजवर ग्राफ काढून लावते. मुलगा आता स्वतः ठिपका जोडतो. रेष खाली आली की त्याच्या आवडीचं जेवण.

आणि सिकल सेल, हाही रक्ताचा आनुवंशिक आजार, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावतीचा मेळघाट, तिकडच्या किती घरांत आहे. तिथं हायड्रॉक्सीयुरिया रोज, ती दुखण्यावरची गोळी नाही, दुखणं येऊच नये म्हणून आहे, आणि तिचा परिणाम दिसायला महिने लागतात. पंधरा दिवस घेऊन "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे खूप. लहानग्यांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन पण असतं. २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारचं सिकल सेलचं मिशन चालू झालंय, तपासण्या होतायत, कार्ड मिळतायत, चांगलंच आहे. पण कार्ड मिळालं म्हणजे पुढच्या महिन्याची गोळी उपकेंद्रात असेलच असं नाही, आणि मला वाटतं खरी लढाई तिथं आहे, माणूस शिस्तीत घ्यायला तयार आहे आणि गोळी संपलेली आहे याला चुकवणं नाही म्हणता येत.

पैसा आणि अंतर हे तर आहेच. "सांगितलेलं पाळत नाहीत" असं पालकांबद्दल बोललं जातं तेव्हा मला राग येतो, कारण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला दर पंधरा दिवसांनी मुंबई म्हणजे काय हे बोलणाऱ्याला माहीत नसतं. आणि सोय केली की लोक पाळतात, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये २००९ च्या सुमारास लहान मुलांपैकी साधारण २० टक्के मुलांची ट्रीटमेंट नाकारली जायची किंवा अर्ध्यात सुटायची. मग तिथं लहान मुलांच्या विभागाच्या मदतीसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन उभं राहिलं, औषधाचे पैसे, राहणं, जेवण, समुपदेशन, आणि तारखेला न आलेल्या घरी फोन, आणि काही वर्षांत ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. पालक तेच होते, महाराष्ट्र, बिहार, बंगालमधून आलेले.

म्हणून पहिल्याच आठवड्यात सोशल वर्करना भेटा, पैसे संपल्यावर नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या माणसालाही ७५ टक्के, त्याचा फॉर्म हॉस्पिटलच भरून देतं. मुंबईत राहायचा प्रश्न असेल तर सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत, २००६ पासून, लहान मुलांच्या कुटुंबांना फुकट खोली. जागा लगेच मिळेलच असं नाही पण नाव द्या. आणि सिक्स एमपी तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुतेक वेळा नसते, त्यामुळं दोन आठवड्यांची जास्तीची घरात ठेवायची सवय लावा, गणपतीत, दिवाळीत, लग्नसराईत तर नक्कीच, आणि गावाला जाताना गोळ्या सामानाच्या बॅगेत नाही, स्वतःच्या पर्समध्ये.

ताप आला, १०० च्या वर चढतोय, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. आधी फोन, मग हॉस्पिटल. हे पण सांगितलेलं पाळण्यातच येतं, नुसत्या गोळ्या नाही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी या महिन्यात डोस चुकलेले असतील तर आज डबल देऊन भरपाई करू नका, तसं करायचं नसतं. आजचा डोस आजच्यासारखाच द्या, चुकलेल्या तारखा आठवतील तेवढ्या एका कागदावर लिहा, आणि पुढच्या ओपीडीची वाट न बघता उद्या सकाळी वॉर्डला किंवा सोशल वर्करना फोन करा, नंबर फाईलच्या पहिल्या पानावर असतो. फोनवर काय बोलायचं सुचत नसेल तर तो कागद नुसता वाचून दाखवा. तेवढ्यावरून पुढचं ते विचारतात.